पट्टीत बसेल तेवढं

बोट उलटल्याची बातमी आली तेव्हा तिने हातातला चहा बाजूला सारला आणि नेहमीच्या सवयीने ओळ कापायला घेतली. वाहिनीच्या पडद्यावर तळाशी जी पट्टी असते, ती लिहिण्याचं तिचं काम. निवेदिकेला रस्त्यात लोक ओळखतात, तिच्या केसांची, कानातल्यांची चर्चा होते. पट्टी कोण लिहितं हे मात्र कुणाच्या खिजगणतीतही नसतं. साध्या बातम्यांची पट्टी सरकत राहते, तिला लांबीचं बंधन नाही. तातडीच्या बातमीची लाल पट्टी तशी नाही. ती एका जागी ठाण मांडून बसते आणि तिच्यात मोजकीच अक्षरं मावतात. बातमीदाराने ‘जलसमाधी’ पाठवली होती, ‘काळाचा घाला’ पाठवला होता. तिने दोन्ही उडवले. ‘बोट उलटली, ९६ मृत, शोध सुरूच’. कडेपासून कडेपर्यंत, घट्ट, जणू मापाने शिवलेली. शेवटचा ‘च’ तिचा स्वतःचा होता. नुसतं ‘सुरू’ लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण त्या एका ‘च’मुळे पाण्यावर अजून कुणीतरी दिवा धरून उभं आहे असं वाटत होतं. तिला ती ओळ आवडली.

“बसली?” मागून बगळ्याने विचारलं. पाळीचा प्रमुख. मान लांब म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. तोंडावर म्हटलं तरी तो रागवत नसे.

“बसली.”

“वाढणार आहेत पण. शंभरी गाठतील बघ संध्याकाळपर्यंत.”

“अरे देवा, मग माझा च जाईल.”

बगळा हसला. तीही हसली. आणि हसू ओठांवर असतानाच तिला कळलं की गेले काही क्षण ती मनापासून प्रार्थना करत होती. शंभर होऊ देऊ नकोस, एवढंच. त्या माणसांसाठी नाही. तिसरा आकडा आला की अक्षराला जागा उरणार नाही, म्हणून.

ती उठून मुतारीकडच्या बोळात गेली आणि पाण्याच्या यंत्राला पाठ टेकून उभी राहिली. रडू वगैरे काही आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. पूर्वी यायचं. नोकरीच्या सुरुवातीला एका शाळेचं छत कोसळल्याची ओळ लिहिताना ती रडली होती, आणि तेव्हाच्या प्रमुख बाईंनी तिला घरी पाठवलं होतं. “होईल सवय,” त्या म्हणाल्या होत्या, दिलासा द्यावा तशा. तेव्हा तिला तो शाप वाटला होता आणि आता तो फळाला आला होता, इतक्या सावकाश, की नेमका कधी हे सांगताही येऊ नये. तिने गळ्यावर हात ठेवला. अलीकडे तिचा हात आपोआप तिथे जायचा. कंठाच्या जरा खाली, डाव्या बाजूला, कातडीखाली एक वाटोळं काहीतरी होतं. गिळलं की वर यायचं, पुन्हा खाली बसायचं. वार्षिक तपासणीत डॉक्टरीणबाईंनी ते हाताने चाचपलं होतं आणि म्हटलं होतं, “एक सुई घालून बघू या. उशीर नको.” ती हो म्हणाली होती. मग स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली, आणि तिने मनाशी ठरवलं, भिंत एकदा झाली की. मग बाबांच्या डोळ्यांचं निघालं, आणि ठरवलं, बाबांचं एकदा झालं की. कुणी विचारलंच तर सांगायला कारणांची चळत तयार होती. खरं म्हणजे भिंतीला ओल आली त्या दिवशी तिला बरंच वाटलं होतं.

फोन वाजला. गवंडी.

“ताई, भिंत फोडली.”

“मग?”

“आत सगळं कोरडं ठणठणीत आहे हो. नळ पण धडधाकट.”

“मग ओल कुठनं येतेय?”

“तेच तर,” गवंडी म्हणाला. त्याचा आवाज अजिबात पडलेला नव्हता. “मला वाटतं पलीकडची असणार. ही उगाच फोडली आपण.”

‘आपण’ म्हणाला. तिने फोन ठेवला. बगळ्याला “बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय” असं सांगून ती बाहेर पडली तेव्हा पडद्यावर चार चौकटींतून चार माणसं एकमेकांवर ओरडत होती, बोटीला परवानगी कुणाच्या काळात मिळाली यावरून. खाली तिची ओळ शांत होती.

बाबा दाराशी तयार बसले होते, बुटांच्या नाड्या बांधून, टोपी मांडीवर. मागे स्वयंपाकघरातून विटांची धूळ येत होती आणि समोर टीव्ही मोठ्याने चालू होता. बाबांचं सगळं आयुष्य छापखान्यात गेलं. खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर उचलून, उलटं, उजवीकडून डावीकडे भासणारं, बोटांच्या अंदाजाने ओळीत बसवायचं. ती लहानपणी शाळा सुटली की तिथे जायची आणि त्यांच्या टेबलाखाली बसायची. “ओळ म्हणजे खोली आहे, ठमे,” ते सांगायचे, “जेवढी माणसं राहतील तेवढीच घ्यायची. एखादं जास्त झालं तर कुणाला तरी बाहेर जावं लागतं.” शब्द वाचवायची खोड तिला तिथून लागली. छापखाना बंद पडला, खिळे वितळवायला गेले, आई गेली, आणि बाबा तिच्याकडे राहायला आले. ते दिवसभर तिची वाहिनी लावून बसायचे. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या ओळी तिलाच म्हणून दाखवायचे. “आज ‘पाऊस लांबला’ छान होतं. ‘पावसाची प्रतीक्षा’ म्हणाली नाहीस ते बरं केलंस.” सगळ्या जगात पट्टी वाचणारा आणि त्यातलं अक्षर न् अक्षर पारखणारा एक माणूस आहे, आणि तो आपला बाप आहे, या एका गोष्टीवर ती कितीतरी दिवस कामाला जात होती. ‘आज बाबांना हा शब्द आवडेल’ असं मनात आलं की तिची पावलं हलकी व्हायची. आणि म्हणूनच, बाबांना अंधूक दिसतं असं ते अधूनमधून म्हणाले तरी तिने ते मनावर घेतलं नव्हतं. एवढी बारीक पट्टी वाचतात म्हटल्यावर डोळ्यांना काय धाड भरलीय!

दवाखान्यात बाबांच्या आधी एक पोरगेलीशी बाई तपासून घेत होती. दार अर्धवट उघडं होतं आणि ती तक्त्यावरची अक्षरं मोठमोठ्याने वाचत होती. बाबा कान देऊन ऐकत होते. त्यांची पाळी आली, खुर्चीत बसले, उजव्या डोळ्यावर झाकण आलं, आणि त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. सगळ्यात खालची ओळसुद्धा. ती कौतुकाने हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक कळ दाबली आणि तक्ता बदलला.

“आता हा वाचा, काका.”

बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी मान जराशी तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली. अलीकडे तिच्याशी बोलतानाही ते अशीच मान तिरकी करायचे आणि तिला वाटायचं, ऐकू कमी येतंय, किंवा काहीतरी मनाला लागलंय.

“सगळ्यात वरचं तरी?”

“तिथे काही आहे का?” बाबांनी विचारलं. खोडकर पोराची चोरी पकडली गेल्यावर ते जसं साळसूद होतं, तसा त्यांचा आवाज होता.

पुढचं तिने तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, यंत्राच्या कमानीत हनुवटी ठेवायला लावली. डोळ्याच्या मागचा पडदा. त्याचा मधला भाग. उजवा कधीच गेलाय, डावा चाललाय. कडेचं दिसतं म्हणून घरात वावरता येतं, कशाला अडखळत नाहीत, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. मधलं जातं. वाचणं जातं, चेहरे जातात. “वर्ष-दोन वर्षं झाली असणार. आधी आणलं असतं तर...” डॉक्टर थांबले आणि पुढे म्हणाले, “डाव्या डोळ्यात इंजेक्शनं देऊ. गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते थांबलं तर थांबलं. पण याच आठवड्यात सुरू करायला हवं.”

दोघं टॅक्सीत बसली. सिग्नलला गाडी थांबली आणि मग तिने विचारलं.

“पट्टी कोण वाचायचं, बाबा?”

ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे तोंड तिकडे होतं.

“ती बाई बोलते ना बातम्या,” ते म्हणाले. “तेवढ्यावरून करायचो. तू कुठला शब्द ठेवशील, कुठला काढशील, ते मला कळतं. मीच शिकवलंय तुला. मनात खिळे जुळवायचे. बहुतेक वेळा बरोबर यायचं. यायचं ना?”

“हो,” ती म्हणाली.

“मग झालं तर.”

“माझा चेहरा दिसतो?”

“तिरकं बघितलं की कडेने दिसतेस. समोरून बघितलं तर नाही. तिथे एक राखाडी डाग असतो, आणि त्याच्या भोवती तुझे केस.”

तिने तोंड फिरवलं. म्हणजे इतके दिवस कुणीच वाचत नव्हतं. निवडून निवडून ठेवलेला प्रत्येक शब्द, प्रत्येक ‘च’, सरळ रिकाम्या खोलीत जाऊन पडत होता. आणि हा म्हातारा अंधारात बसून, फक्त तिला वाईट वाटू नये म्हणून, तिच्या ओळी स्वतःच्या मनात रचत होता. तिला त्यांचा राग आला. मग स्वतःचा आला. मग आपण राग नेमका कुणावर काढायचा तेच ठरेना.

घरी गवंडी हात धुऊन निघायच्या तयारीत होता. स्वयंपाकघराच्या मधोमध विटांचा ढीग पडला होता. धडधाकट भिंतीला छातीएवढं भगदाड पडलं होतं, त्यातून न्हाणीघरातला आरसा दिसत होता. ओल पलीकडच्या भिंतीवर होती तशीच होती, नकाशातल्या एखाद्या देशासारखी, कडा पिवळ्या पडलेली. “उद्या ती फोडतो,” गवंडी म्हणाला, “उद्या नक्की सापडेल. पैज लावतो.” पैज लावायला तिच्याकडे काही नव्हतं. तो गेल्यावर तिने विटांवरून पाय टाकत चहा ठेवला. बाबांनी बुटांच्या नाड्या सोडवल्या आणि टीव्ही लावला.

“इंजेक्शनाला परवा जायचंय,” ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

“नको.”

“नको म्हणजे?”

“डोळ्यात सुई नको. आणि बघायचं काय राहिलंय एवढं? ऐकू येतं तेवढंच पुष्कळ होतं. हे ऐक.” निवेदिका सांगत होती, आकडा एकशे सातवर गेला, अंधारामुळे अडथळे येत आहेत, तरीही शोध थांबवलेला नाही. बाबांनी मान तिरकी केली. “‘शोध सुरूच’ लिहिलं असशील ना तू? आता तीन आकडे झाले. म्हणजे च गेला.”

तिच्या हातातून कप निसटला नाही, काही फुटलं नाही. तिने फक्त गॅस बंद केला. पडद्यावर तिच्या जागी बसलेल्या कुणीतरी खरंच ‘शोध सुरू’ केलं होतं. ती बाहेर आली, टीव्हीसमोर उभी राहिली आणि ओरडायला लागली. बाबांवर ती कधीच ओरडली नव्हती. ती म्हणाली, तुम्ही मला फसवलंत. म्हणाली, तुमचे डोळे गेले ते माझ्यामुळे गेले असं मला आता जन्मभर वाटणार, ते चालेल तुम्हाला? म्हणाली, तुम्हाला काय, बसलात खुर्चीत, भिंत मी बघायची, नळ मी बघायचे, मेलेले मी मोजायचे, तुम्हाला दवाखान्यात मी न्यायचं, आणि माझ्या गळ्यात गाठ आहे ती कुणी बघायची?

हे शेवटचं तिला म्हणायचं नव्हतं.

“कुठे?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. असतात तशा.”

“कुठे आहे, ठमे?”

ती खुर्चीपाशी खाली बसली, लहानपणी टेबलाखाली बसायची तशी, आणि त्यांचा हात धरून गळ्याशी नेला. शिशाने काळवंडलेली ती बोटं आता कितीतरी वर्षांनी गोरी झाली होती, पण टोकं तशीच चपटी होती. ती गाठीवर थांबली. “गीळ,” बाबा म्हणाले. तिने आवंढा गिळला. बोटांखालून गाठ वर गेली आणि खाली आली. बाबांनी हात काढून घेतला आणि मांडीवर पालथा ठेवला.

“केव्हापासून?”

“भिंतीच्या आधीपासून.”

“तू सुई घे,” ते म्हणाले. “मग मी घेतो.”

त्यानंतरचे दिवस एकमेकांत शिरले. गवंड्याने दुसरी भिंत फोडली आणि पैज जिंकल्याच्या आनंदात तिला फोन केला. वरच्या मजल्यावरून येणारा नळ सांध्यात कुजला होता. वरचे लोक म्हणाले, आमच्या घरात तर काही ओल नाही बुवा. त्यांची समजूत घालण्यात दिवस गेले. बाबांच्या डोळ्यात सुई गेली तेव्हा ती बाहेर बाकावर बसली होती आणि भिंतीवरच्या टीव्हीवर तिचीच वाहिनी आवाज बंद करून लावलेली होती. आजूबाजूला एवढी माणसं होती. कुणी घड्याळाकडे बघत होतं, कुणी चपलांकडे. एकाचीही नजर पट्टीवर नव्हती. तिने मुद्दाम लक्ष ठेवलं. बाबा डोळ्यावर चकती लावून बाहेर आले आणि म्हणाले, “दुखलं नाही. नुसतं दिसलं, सुई येताना. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट दिसलं, तर ते हे.” आणि हसले. तिलाही हसावं लागलं. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, डावा डोळा होता तिथेच आहे, किंवा थोडा मागेच. आणखी एकदा देऊन बघू.

बोटीची बातमी तोवर पडद्यावरून उतरली होती. एका नेत्याने भर सभेत दुसऱ्याला काय म्हटलं, याने तिची जागा घेतली. शोध थांबवल्याचं बातमीदाराने कळवलं तेव्हा तिने ओळ तयार केली आणि बगळ्याला दाखवली. त्याने लांब मान हलवली. “जुनं झालं गं ते. सोडून दे.”

“पण लोकांना कळायला नको, शोध थांबवला ते?”

“कुणाला?” बगळ्याने विचारलं. तो चिडून विचारत नव्हता, खरंच विचारत होता. तिने ओळ पुसली. शोध सुरू आहे असंच शेवटचं लिहिलेलं राहिलं. कुठेतरी एखादी बाई अजून तेवढ्यावर दिवस काढत असेल, असं तिच्या मनात आलं आणि दिवसभर ते तिथून हललं नाही.

तिच्या गळ्यातही सुई जाऊन आली. दवाखान्यातून फोन आला तो भर कामात. अहवाल आलाय, येऊन जा. मग पलीकडची बाई म्हणाली, “येताना घरचं कुणीतरी बरोबर आणा.” ती बरं म्हणाली. फोन ठेवला तेव्हा तिला कळायचं ते सगळं कळलेलं होतं. घरचं म्हणजे कोण, हा प्रश्न तिला पडला नाही. घरचं एकच होतं. दादाला परदेशात फोन करता आला असता. त्याने पथ्यांचे चार व्हिडिओ पाठवले असते.

त्या सकाळी ती बाबांचा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढली. कोण कुणाला नेत होतं ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. शल्यचिकित्सक तरुण होत्या, चेहरा थकलेला, पण बोलणं नीट. त्यांनी तिला बसवलं, मग बाबांकडे बघितलं.

“तुम्ही?”

“मी हिचा बाप.”

त्यांनी काही लपवलं नाही. गाठ साधी नाही. काढावी लागेल. बाजूच्या एक-दोन गाठींचीही शंका आहे, त्या उघडल्यावर कळेल. पुढचं त्यावर. बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा पडदा वळवला, करड्या-काळ्या धुक्यासारखं काहीतरी त्यावर होतं, आणि पेनचं टोक त्यावर टेकवून त्या बाबांना म्हणाल्या, “ही बघा, ही इथे.”

ती बाबांकडे बघत राहिली. ते आता पुढे वाकतील, मान हलवतील, ‘हो हो, दिसली’ म्हणतील. तिची त्यालाही तयारी होती. तिने मनातल्या मनात त्यांना माफही करून टाकलं होतं.

बाबा वाकले नाहीत. “मला दिसत नाही,” ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात, नाव सांगावं तसं. मग त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि पालथ्याचा उताणा केला. “केवढी आहे ते हातावर दाखवा.”

डॉक्टरीणबाई थोड्या गोंधळल्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं, पुन्हा त्या हाताकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून घेतली आणि पेनाने बाबांच्या तळहातावर सावकाश एक गोल काढला. त्याच्या शेजारी दोन लहान ठिपके काढले. “हे नक्की नाही,” त्या म्हणाल्या, “पण असू शकतील.” बाबांनी डाव्या हाताचं बोट त्या गोलाभोवती फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि मूठ मिटली.

परतीच्या टॅक्सीत बातम्या लागल्या होत्या. कुणीतरी कुणालातरी जाब विचारत होतं. चालकाने आवाज वाढवला आणि आरशातून विचारलं, “चालेल ना?” तिने डोकं मागे टेकवलं. बाबांची मूठ त्यांच्या गुडघ्यावर होती, आणि घर येईपर्यंत त्यांनी ती उघडली नाही.